गाढव, बैल आणि हॉर्नवाला

हॉर्न हा शब्द मराठी माणूस पहिल्यांदा वाचतो तो ट्रकच्या पाठीवर. तिथं त्याच्या शेजारी 'ओके' आणि 'प्लीज' असे दोन सभ्य शब्द असतात आणि त्या सभ्यतेला मान देऊन मागचा ड्रायव्हर सबंध घाटभर ठणाणा करत राहतो. त्यामुळे 'हल्ली मी हॉर्नच्या नादी लागलोय' असं ऑफिसात सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "अरे वा! गाडी घेतलीत वाटतं?" क्लार्कच्या पगारात हॉर्न येतो, बाकीच्या गाडीला कर्ज काढावं लागतं, हे मी त्याला सांगत नाही. मी नम्रपणे खुलासा करतो, "तसला नव्हे हो, फ्रेंच हॉर्न." यावर तो आणखी प्रभावित होऊन म्हणतो, "म्हणजे इंपोर्टेड!"

शहाण्यानं इथं गप्प बसावं. पण आपल्याला कळलेली गोष्ट दुसऱ्याला कळेपर्यंत मला चैन पडत नाही. तेव्हा सांगूनच टाकतो. फ्रेंच हॉर्न हे एक वाद्य आहे. पितळेचं. जिलबीसारखं गोल वळवलेलं, एका बाजूला कर्ण्याचं रुंद तोंड आणि दुसऱ्या बाजूला वाजवणाऱ्याचं लालभडक झालेलं तोंड. मला ते वाजवता येत नाही आणि शिकायचा विचारही नाही. आमच्या सोसायटीत पहाटेच्या मिक्सरवरूनसुद्धा विशेष सभा भरते. पण वाद्याचा इतिहास वाचायला कोणाची परवानगी लागत नाही आणि ओठही सुजत नाहीत. बँकेत वीस वर्षं दुसऱ्यांच्या खात्यांत डोकावण्याची सवय झालेल्या माणसाला इतिहासाची गोडी लागायला वेळ लागत नाही. दोन्हीकडे मेलेल्या माणसांच्या उधाऱ्याच निघतात.

पहिली गोष्ट म्हणजे हा फ्रेंच हॉर्न फ्रेंच नाही. जर्मन लोक त्याला 'वाल्डहॉर्न' म्हणतात, म्हणजे रानशिंग. जगभरच्या हॉर्नवाल्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिनं 1971 सालीच ठराव केला की बाबांनो, याला नुसतं हॉर्न म्हणा. ठरावांचं जे होतं तेच या ठरावाचं झालं. फ्रान्सचा संबंध एवढाच की चौदाव्या लुईच्या काळात तिथं शिकारीला निघालेले सरदार असलं वेटोळं शिंग खांद्यात अडकवून घोड्यावरून वाजवीत. हरीण कुठल्या बाजूला पळालं, कुत्री कुठं पोचली, हे सगळं शिंगाच्या सुरांवरून कळायचं. 1680 च्या सुमारास बोहेमियाचा श्पोर्क नावाचा एक हौशी सरदार फ्रान्सला गेला, त्याला हे प्रकरण फार आवडलं आणि त्यानं आपल्या दोन नोकरांना ते शिकायला बसवलं. थोडक्यात, डेप्युटेशन. ते दोघं खरोखरच शिकून परत आले. डेप्युटेशनच्या इतिहासात असं फारसं घडत नाही. मध्य युरोपात हॉर्न रुजला तो या दोन नोकरांमुळे, असं मानतात.

आता या वाद्याची खोड सांगतो. ती समजली तर पुढचं सगळं समजेल.

आपली तुतारी किंवा देवळातलं शिंग आठवा. त्याला ना भोकं, ना पट्ट्या, ना कळा. बासरीवाल्यानं बोट उचललं की सूर बदलतो. शिंगवाल्यानं काय उचलायचं? त्याच्याकडे फक्त ओठ आणि फुप्फुसं. ओठ सैल ठेवले की खालचा सूर, आवळले की वरचा. एका नळीत निसर्गानं ठरवून दिलेले ठराविक सूर असतात, त्यांतलाच एक निघतो. जुना हॉर्न म्हणजे हेच शिंग, फक्त लांबलचक. आजच्या हॉर्नची मुख्य नळी सरळ केली तर बारा-तेरा फूट भरते. ट्रंपेटची जेमतेम साडेचार. आणि लांब नळीची गंमत अशी की तिचे खालचे सूर दूर दूर असतात, एखाद्या बंगल्यांच्या कॉलनीसारखे. पण जसजसं वर जावं तसतशी चाळ सुरू होते. दाराला दार चिकटलेलं. हॉर्नवाल्याचा संसार या वरच्या मजल्यावर. ओठ केसभर जास्त आवळले गेले की आपलं दार समजून शेजाऱ्याची कडी वाजते. आणि ती वाजते ती सभागृहातल्या दोन हजार माणसांदेखत.

आमच्या शाखेत कॅशला एक गोंयकार सहकारी आहे. त्याचे आजोबा मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत, त्यामुळे फुंकवाद्यांच्या बाबतीत त्याचा शब्द मी प्रमाण मानतो. तो म्हणतो, "व्हायोलिनवाले म्हणजे तुम्ही क्लार्क लोक रे. सोळा जण एका रांगेत बसतात. एकानं नाही वाजवलं तरी साहेबाला पत्ता नाय. हॉर्नवाला म्हणजे कॅशियर. शंभराची नोट एक जास्त गेली की संध्याकाळी आख्ख्या ब्रँचला कळतं." आपल्या पेशाचा असा अपमान मी एरवी सहन केला नसता, पण यापेक्षा नेमकी व्याख्या मला कुठल्या ग्रंथात सापडलेली नाही.

शिवाय सगळं काम उलटं. बाकीच्या फुंकवाद्यांची तोंडं श्रोत्यांकडे, याचं मागच्या भिंतीकडे. उजवा हात कर्ण्याच्या आत कोंबलेला, जणू काही आत कोणाची किल्ली पडली आहे. फुंकीतली वाफ थंड पितळेला लागून तिचं पाणी होतं आणि ते पाणी वेटोळ्यात साठून सुरात गुळगुळ करायला लागतं. मग मिळेल त्या विसाव्यात हॉर्नवाला आपलं वाद्य मोटारीच्या चाकासारखं गरागरा फिरवतो, एक नळी उपसतो, पाणी जमिनीवर सोडतो आणि पुन्हा गंभीर चेहरा करून बसतो. पुढच्या रांगेतल्या बायका दुसरीकडे बघतात.

आणि विसावे तरी किती! जुन्या रचनांत हॉर्नला कधी कधी पन्नास-साठ आवर्तनं काहीच काम नसतं. तेवढा वेळ मनात मोजत बसायचं, ओठ गार पडू द्यायचे नाहीत आणि मग कसलीही पूर्वसूचना न देता, एकदम कोरा करकरीत सूर लावायचा. बेथोवनच्या तिसऱ्या सिंफनीची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. 1804 सालची तालीम. व्हायोलिनं अगदी हळू आवाजात कापत असताना हॉर्न मूळ सुरावट घेऊन आत येतो, तोही बाकीचा वाद्यवृंद त्या जागी पोचायच्या आधी. बेथोवननं मुद्दामच तसं लिहिलं होतं. शेजारी उभा असलेला त्याचा शिष्य रीस वैतागून म्हणाला की या मेल्या हॉर्नवाल्याला साधं मोजता येत नाही का! आपल्या थोबाडीत बसता बसता राहिली, असं रीसनंच पुढं लिहून ठेवलं आहे. गुरुजींनी बराच काळ त्याला क्षमा केली नाही म्हणे. माझं लक्ष मात्र त्या हॉर्नवाल्याकडे जातं. त्यानं मोजलं बरोबर, वाजवलं बरोबर, आणि तरी सगळ्यांच्या आधी शिवी त्यालाच. रोख जुळली तरी संशय कॅशियरवरच.

चुकला तर शिवी, फार चांगला वाजवला तर दात. होय, दात. बोहेमियातल्या थून नावाच्या सरदाराच्या पदरी श्टिख नावाचा एक हॉर्नवाला होता. चाकरीला कंटाळून तो पळाला. सरदारानं माणसं पाठवली आणि त्यांना हुकूम दिला की सापडला तर त्याचे पुढचे दात पाडा, म्हणजे हा दुसऱ्या कोणाकडे वाजवायलाच नको, असं सांगतात. राजीनामा नामंजूर करण्याच्या तऱ्हा मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण ही वेगळीच. दात शाबूत ठेवून श्टिख इटलीकडे निसटला, 'जोव्हान्नी पुंतो' असं इटालियन नाव धारण करून युरोपभर गाजला आणि 1800 साली तरुण बेथोवननं त्याच्यासाठी हॉर्न आणि पियानोची सोनाटा लिहिली. दोघांनी ती हंगेरीतही वाजवली, तेव्हा तिथल्या वार्ताहरानं लिहिलं की पुंतो तर सर्वांना ठाऊकच आहेत, पण हे बेथोवन कोण? हॉर्नवाल्यांच्या तीनशे वर्षांच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत सुखाचा दिवस.

कर्ण्यातल्या उजव्या हाताचं श्रेय ड्रेस्डेनच्या हांपेल नावाच्या वादकाला देतात. 1750 च्या आसपास त्यानं ही युक्ती रूढ केली. कर्ण्यात हात घालून तोंड कमी-जास्त झाकलं की सूर खाली-वर सरकतो आणि निसर्गानं न दिलेले मधले सूर काढता येतात. थोडे दबलेले, पडसं झाल्यासारखे, पण येतात. कळा आल्या त्या फार पुढं, 1814 साली, श्ट्योल्त्सेल नावाच्या जर्मन वादकानं शोधून काढल्या तेव्हा. त्या दाबायला डावा हात नेमावा लागला, कारण उजव्याची पोस्टिंग आधीच आत झालेली होती. आजही हॉर्नच्या कळा डाव्या हाताला असतात. एकदा कामाची वाटणी झाली की कारण संपलं तरी ती बदलत नाही, हे काय मी बँकवाल्यानं सांगायला हवं?

नळी आणि ओठ, एवढंच खरं वाद्य, बाकी सगळी सजावट, हे एका माणसानं लंडनमध्ये जाहीररीत्या सिद्ध केलं. डेनिस ब्रेन. विसाव्या शतकातला हा हॉर्नचा सम्राट. व्यंगचित्रकार हॉफनुंगनं 13 नोव्हेंबर 1956 ला रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये विनोदी संगीताचा जलसा केला, त्यात ब्रेनसाहेब बागेत पाणी घालायची रबरी नळी घेऊन आले, तिला माउथपीस लावला आणि त्या नळीवर त्यांनी सुरेल वाजवून दाखवलं. लोक हसून लोळले. मोटारींचा याला भारी शोक. पुढच्याच वर्षी 1 सप्टेंबरला, एडिंबराहून कार्यक्रम करून स्वतः गाडी चालवत परत येताना अपघातात तो गेला. वय छत्तीस. मोझार्टचे चारी हॉर्न कन्चेर्टो त्यानं 1953 साली ध्वनिमुद्रित केले होते, म्हणून निदान तेवढे आपल्याला आहेत.

त्या रबरी नळीवर त्यानं जी रचना वाजवली ती होती लिओपोल्ड मोझार्टची. म्हणजे आपल्या मोझार्टचे वडील. हे नाव लक्षात ठेवा, कारण आता कर्जाचं प्रकरण येतं, आणि त्या प्रकरणात हे धनको आहेत.

ऋणको: योसेफ लॉइटगेब. जन्म 1732. धंदा: हॉर्न वाजवणे. साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या दरबारी नोकरी, म्हणजे लिओपोल्डचा सहकारी. छोटा वोल्फगांग याच्या अंगाखांद्यावर खेळलेला, कारण लॉइटगेब त्याच्याहून चांगला तेवीस वर्षांनी मोठा. माणूस साधासुधा वादक नव्हता. 1770 साली पॅरिसला जाऊन त्यानं वाजवलं तेव्हा तिथल्या लोकांनी लिहिलं की विलंबित लयीत याचा हॉर्न माणसाच्या गोड गळ्यासारखा गातो. आणि हे सगळं कळा नसलेल्या हॉर्नवर. फक्त ओठ आणि तो कर्ण्यातला हात.

1777 साली लॉइटगेब साल्झबुर्ग सोडून व्हिएन्नाला गेला. जाताना लिओपोल्डकडून पैसे उसने घेतले होते. 1 डिसेंबर 1777 च्या पत्रात लिओपोल्ड मुलाला कळवतात की लॉइटगेबनं व्हिएन्नाच्या एका उपनगरात गोगलगायीच्या शंखाएवढं घर घेतलं आहे, चीज विकण्याच्या परवान्यासकट, तेही उधारीवर. माझे पैसे देईन म्हणतो, चीजच्या धंद्यात बरकत येईपर्यंत धीर धरा म्हणतो, आणि तुझ्याकडे एक कन्चेर्टो मागतो.

कन्चेर्टो म्हणजे एका वाद्यानं सबंध वाद्यवृंदासमोर उभं राहून केलेली मैफल. आता मी कर्ज विभागात सहा वर्षं काढली आहेत. हप्ता थकलेल्या माणसाची पत्रं मी पोत्यानं वाचली आहेत. मुलीचं लग्न, सासूचं ऑपरेशन, पाऊस कमी, पाऊस जास्त. पण हप्त्याला मुदत मागताना त्याच पत्रात सावकाराच्या मुलाकडून एक अजरामर कलाकृतीही मागून घेणारा ऋणको मला भेटलेला नाही. तारण काय, तर चीज. नाशवंत माल. आमच्या मॅनेजरनं अर्जावर नुसती नजर टाकून तो परत केला असता.

या पत्रामुळं पुढची दोनशे वर्षं लॉइटगेब हा 'चीजवाला हॉर्नवादक' म्हणून संगीताच्या पुस्तकांत खपला. व्हिएन्नातली जुनी दप्तरं अलीकडे कोणी नीट उलगडून पाहिली तेव्हा निघालं की चीजचं दुकान त्याच्या सासऱ्याचं होतं. लॉइटगेब स्वतः हॉर्नवरच पोट भरत होता, चीजवाला असा कधीच नव्हता. कर्जाच्या अर्जात सासऱ्याची मालमत्ता स्वतःच्या रकान्यात दाखवण्याची पद्धत आपल्याकडचीच असावी असा माझा समज होता.

1781 साली वोल्फगांग मोझार्ट स्वतः व्हिएन्नात राहायला आला. कर्ज तोवर थकीतच. 8 मे 1782 च्या पत्रात तो वडलांना लिहितो की गरीब बिचाऱ्या लॉइटगेबला जरा सांभाळून घ्या, त्याची परिस्थिती पाहिलीत तर तुम्हालाही दया येईल, मी बोलतो त्याच्याशी, तो पैसे देईल, निदान हप्त्याहप्त्यानं तरी. थकलेल्या कर्जाला सावकाराचा मुलगाच शिफारस देतो आहे! आणि गंमत पाहा, पुरती सहा वर्षं जात नाहीत तो 1788 पासून हाच शिफारसदार पुखबेर्ग नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याला उसन्या पैशांसाठी अजिजीची पत्रं लिहायला लागला. ती पत्रं वाचवत नाहीत.

तर असा हा मोझार्ट, लॉइटगेबचा कैवारी. याच लॉइटगेबला त्यानं कन्चेर्टो दिला आणि वर काय लिहिलं? व्हिएन्ना, 27 मे 1783 अशी तारीख घालून लिहिलं की वोल्फगांग आमादे मोझार्टला लॉइटगेब नावाच्या गाढवाची, बैलाची आणि मूर्खाची दया आली. अर्पणपत्रिका आहे ही! आपल्याकडे 'तीर्थरूप अण्णांच्या चरणी' लिहितात.

प्रत्येक ऑफिसात एक लॉइटगेब असतो. त्याच्या टेबलाखालची चप्पल लपवायची, त्याच्या नावानं खोटा फोन करायचा, त्याच्या टोपीवर, डब्यावर, सासुरवाडीवर बोलायचं. तो हसतो. सगळ्यांना वाटतं त्याला काही वाटत नाही. मोझार्टनं म्हणे याला जमिनीवर रांगत कागद गोळा करायला लावले, शेकोटीमागं गुडघ्यांवर बसवलं. खरंखोटं देव जाणे, पण हातानं लिहिलेले शेरे मात्र शिल्लक आहेत. आणि शेरा हा माझा विषय आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत शेवटच्या जाडजूड खतावण्या वापरात होत्या. त्यांत एक रकाना रकमेचा आणि अगदी उजवीकडे एक शेऱ्याचा. माझ्या पहिल्या हेडक्लार्कांनी मला सांगितलेलं पक्कं आठवतंय, "शेरा वाचून खातं ठरवू नकोस. 'पार्टी संशयास्पद' असं लिहिलेलं असतं आणि हप्ते वेळेवर आलेले असतात. आधी आकडे बघ." शाईचीही शिस्त होती. निळी आमची, लाल तपासणीसाची, हिरवी मोठ्या साहेबांची. म्हणून 1786 सालच्या कन्चेर्टोच्या हस्तलिखिताचं छायाचित्र पाहिलं तेव्हा मी उडालोच. मोझार्टनं तो निळ्या, लाल, हिरव्या आणि काळ्या अशा चार शायांत लिहिला आहे! एका ओळीत चार-चार साहेब. लॉइटगेबच्या डोळ्यांपुढं काजवे चमकावेत म्हणून केलेली ही थट्टा, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. हल्ली काही अभ्यासक म्हणतात की नाही, सूर कुठं हळू, कुठं जोरात, कुठं पडसादासारखा, हे रंगांनी सुचवलंय. म्हणजे ज्याला सगळे टवाळी समजले, ती वाजवणाऱ्यासाठी केलेली खूण असू शकते.

आता शेवटचं खातं. छापील क्रमांकात याला पहिला कन्चेर्टो म्हणतात, पण कागद तपासून आता ठरलंय की तो सगळ्यांत शेवटचा, 1791 सालचा. मोझार्टच्या मृत्यूच्या वर्षाचा. त्याच्या शेवटच्या भागाच्या मसुद्यात हॉर्नच्या ओळीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत इटालियनमध्ये शेरे आहेत. या गाढवमहाराज, चला, लवकर, हिंमत धरा. अरेरे, काय हा बेसूर! दमलास का रे बिचाऱ्या? जरा श्वास घे. झालं का एकदाचं? देवाची कृपा, पुरे, पुरे! अशी सगळी धावती कॉमेंट्री. वाजवणाऱ्यानं नजर सुरांवर ठेवायची की शिव्यांवर? ओठांवर हसू आलं की हॉर्न संपला. हसऱ्या ओठांतून सूर निघत नाही.

शेरे वाचून झाल्यावर मी आकडे बघितले. म्हणजे मला बघता येत नाहीत, जाणकारांनी बघितलेले वाचले. आधीचे तीन कन्चेर्टो 'मी बेमोल' या सुराच्या हॉर्नसाठी. हा 'रे'साठी, म्हणजे आणखी लांब नळी, सगळंच अर्ध्या सुरानं खाली. आधीच्यांत हॉर्न वरच्या मजल्यावर बिनधास्त चढतो. इथं त्या दोन-तीन उंच पायऱ्या गाळलेल्या आहेत. तळाचे खोल सूरही काढून टाकलेत. हातानं झाकून काढायचे कठीण सूर कमी केलेत. जे उरलंय ते मधल्या मजल्यावरचं, सावलीतलं, गाता येईल असं.

1791 साली लॉइटगेब अठ्ठावन्न वर्षांचा होता. आमच्याकडे हे निवृत्तीच्या दारातलं वय. हॉर्नवाल्याचं आधी काय जात असेल तर ओठांची ताकद आणि पुढचे दात. वरचे सूर सोडून जातात, एकेक करून, कोणाला न सांगता. फक्त त्याला कळतं, आणि त्याच्यासाठी लिहिणाऱ्याला. मोझार्टनं त्या मसुद्यात कुठंही 'आता तुझं वय झालं म्हणून सोपं करतो' असं लिहिलेलं नाही. त्यानं वर गाढव लिहिलं आणि खाली जिना कमी केला. अशा थट्टेला कोणी काय म्हणावं? मी माझ्या त्या कॅशियर मित्राला हे सांगितलं. तो नोटा मोजता मोजता म्हणाला, "दोस्त होता रे त्याचा, आणि काय." आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला, कारण मी त्याचा आकडा चुकवला होता.

दोस्त होताच. त्या वर्षी जूनमध्ये बायको उपचारांसाठी बाडेनला गेलेली, तेव्हा मोझार्ट लॉइटगेबच्या घरी झोपायला जाई. ऑक्टोबरमध्ये 'मॅजिक फ्लूट' हे त्याचं नवं संगीतनाटक रोज गर्दी खेचत होतं, तेव्हा बायकोला त्यानं पत्रात कळवलं की लॉइटगेबनं पुन्हा एकदा ने म्हणून गळ घातली, म्हणून त्याला दुसऱ्यांदाही घेऊन गेलो. मला ते दोघं दिसतात. पस्तिशीचा, सतत धडपडणारा, कर्जात बुडालेला एक बुटका माणूस आणि त्याच्या शेजारी साठीकडे झुकलेला, फुकट पासावर दुसऱ्यांदा आलेला, खूष झालेला हॉर्नवाला. 5 डिसेंबरला मोझार्ट गेला.

मसुदा तसाच राहिला. त्याच्या शिष्यानं, झ्युसमायरनं, पुढच्या वर्षी 6 एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, तो भाग आपल्या पद्धतीनं पुरा केला. मध्ये चर्चमधली एक शोकाची सुरावट त्यानं घातली. पुष्कळ वर्षं सगळं जग ती झ्युसमायरची प्रत मोझार्टची म्हणूनच वाजवत होतं. बँकेत अशा सहीला आम्ही दुसरा शब्द वापरतो, पण इथं कोणाचं नुकसान झालेलं नाही.

लॉइटगेब मोझार्टनंतर एकोणीस वर्षं जगला. 27 फेब्रुवारी 1811 ला व्हिएन्नात वारला. कळा निघाल्या त्यानंतर तीन वर्षांनी. आज दुकानातून हॉर्न आणणाऱ्या पोराच्या डाव्या हाताशी जे सूर आयते येतात, ते या माणसानं उभ्या आयुष्यात कर्ण्यात मूठ घालून एकेक करून बाहेर काढले होते.

त्या मसुद्याच्या शेवटच्या पानांचं छायाचित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. व्हायोलिनांच्या आणि बाकीच्या वाद्यांच्या ओळी ठिकठिकाणी कोऱ्या सोडलेल्या आहेत, पुढं सवडीनं भरू म्हणून. हॉर्नची ओळ मात्र शेवटच्या सुरापर्यंत भरलेली आहे, शेऱ्यांसकट.